बेहडाटोल्यावर कोणी राहत नाई

मी पोंभुर्ण्याकडच्या जंगलातला. बाप गावचा कोतवाल होता, त्याच्यामागं मी झालो. साहेब आला की त्याच्या पुढं चालाचं, दवंडी द्याची, कोणाचं घर कुठी ते दाखवाचं. कागद साहेब लिवे, पण कोण राहते अन् कोण नाई, हे मी सांगो. हे ध्यानात ठेवा भाऊ, सारं पाप तिथीच आहे.

इकडं आमची वस्ती, नाल्याच्या पल्याड बेहडाटोला, गोंडांची तेवीस घरं, अन् मधात माझी धानाची बांधी. तेव्हा सडक येणार होती. टोल्याची माणसं मोजली गेली त सडक टोल्यापर्यंत जाईन, नाल्यावर पूल होईन, एसटी तिथवर जाईन, अन् ते सारं माझ्या बांधीतून. नाई मोजली त सडक बांधीच्या अलीकडंच थांबन. हे मले एका साहेबानंच चहा पिता पिता सांगतलं होतं.

मग उन्हाळ्यात जनगणनेचे गुर्जी आले. टोल्याचे लोक तेंदूपत्ता तोडाले जंगलात मुक्कामी गेलेले. त्यांच्यात कुलूप नसे, काय सांगू तुम्हाले, दारात बोरीची काटी आडवी टाकून जात. म्हंजे आम्ही येतो, तवर कोणी शिरू नका. हे मले लहानपणापासून माहीत. गुर्जीनं पुसलं, हे काटे काऊन टाकले. मी म्हटलं, उठून गेले हे लोक, इथी कोणी राहत नाई. भला माणूस, घामानं भिजलेला, त्यानं गेरूचा डबा बंद केला. आमच्या भिंतीभिंतीवर नंबर पडले, टोल्यावर एक नाई.

सडक बांधीपाशी थांबली, एसटी माझ्या दारातून वळू लागली. टोलेवाले विचारू लागले, आमची सडक कुठी अडली. त मीच गावात पसरवलं, त्यांनीच नको म्हटली, जंगलातले लोक, त्यांले गाडीचा भेव वाटते. अजून लोक हसून तेच सांगतात. ते खोटं आहे.

मग एका साली रोवण्याच्या, धान लावाच्या दिवसांत दसरूची बायको सोमबाई अडली. दसरू अन् त्याचे तिघं भाऊ तिले बाजेवर घेऊन नाला उतरून आले. समोर एसटी उभी, इंजिन चालू. बांधीच्या काठचा धुरा एका पावलाचा, बाज घेऊन चौघांले बांधीतूनच चालावं लागे. अन् मी सकाळीच पऱ्हे लावून रोवणा आटोपला होता.

मी धुऱ्यावर उभा राह्यलो. म्हटलं, “पऱ्हे तुडवू नका. फिरून या.”

दसरू म्हणे, “भाऊ, गाडी उभी आहे.”

“त राहीन उभी.”

त्यानं बाज खांद्यावर सावरली. ते फिरले. गाडी निघून गेली. कंडक्टर माझ्या घरी पाणी पिणारा माणूस, एक आवाज देल्ला असता त थांबला असता. मी देल्ला नाई. ते फिरून येईपर्यंत सोमबाई बाजेवरच गेली, पोटातल्या लेकरासकट. आमच्यातला एक जण मले म्हणे, कोतवाल, रोवणा वाचला ना तुमचा. मी हसलो, भाऊ. हसलो मी.

अन् तिले परत नेतानाही ते फिरूनच गेले. तेव्हा त मी काई म्हटलं नव्हतं.

त्याच्यानंतर टोला उठत गेला. कोणी गडचांदूरले, कोणी भद्रावतीकडं, कोणी मिरची तोडाले तेलंगणात, ते तिकडंच राह्यले. आता दसरू एकटा आहे. मागच्या महिन्यात काठी टेकत गेलो अन् काटीपासून बांधीपर्यंत सारं त्याले सांगतलं. तो झाडू बांधत होता, हात थांबला नाई. झालं का, म्हणे. मी म्हटलं, झालं. तो उठला, आत गेला, अन् आतूनच दारात बोरीची काटी ओढून घेतली.

पुन्हा मोजणी येणार म्हणतात. कोतवालकी सुटली माझी, मले कोणी पुसणार नाई. तुम्ही लिवा. तेवीस घरं होती. दसरूच्या घरात दोन माणसं होती, तिसरं येणार होतं. अन् त्या साली माझं धान चांगलं पिकलं, तेही लिवा.