आक्काच्या पाठीखालची गादी

सरकून बसा मंडळी, सरकून बसा! मागं बायकांना ऐकू येतंय ना? तबलजी, जरा हात आवरा, आज थापेचं काम नाही. आज एक प्रश्न घेऊन आलोय. साधाच आहे, पण मला सुटला नाही. बघा तुम्हाला सुटतो का.

जिवंत माणसाच्या अंगाखाली जे कधी घातलं नाही, ते त्याच्या मागं दान केलं — तर त्याला पोचतं का?

काय काका? मान हलवलीत. हो म्हणून का नाही म्हणून? दोन्हीकडं हलवलीत तर मी काय समजायचं!

असू दे. ऐका.

कृष्णाकाठचं एक गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर म्हणाल, बुवा आमच्याच घरातलं सांगतायत. त्या गावात, बाजारपेठेच्या तोंडाला, रघुनाथरावांचं दुकान. 'सुखनिद्रा गादी भांडार'! फोमच्या गाद्या, फोमच्या उशा, चकचकीत चादरी. कशाला हात लावावा तर निसटून जातो, इतकं गुळगुळीत! दुकानाच्या मागं घर. घरात रघुनाथराव, बायको सुलभा, आणि आई. सत्यभामाबाई. सगळं गाव त्यांना भामाआक्का म्हणायचं.

रघुनाथराव माणूस वाईट नव्हता हो! उगीच आत्तापासून तोंडं वाकडी करू नका. देवधर्म कडक. पूजेला बसायचा तो लोकरीच्या आसनावर. सोवळं रेशमाचं. देवाला वस्त्र कापसाचं, वात कापसाची. एकदा सुलभावहिनींनी चौरंगावर चुकून नायलॉनचं फडकं घातलं, तर केवढा ओरडला — "देवाखाली प्लास्टिक? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

बरोबरच आहे! देवाखाली प्लास्टिक नको. पण हे वाक्य ध्यानात ठेवा.

आता आक्कांची एक जुनी गादी होती. माहेरच्या रानातल्या कापसाची. लग्नात बरोबर आली. तिच्यावर रघू जन्मला, रांगला, नको ते सगळं केलं! दर दोनचार वर्षांनी बाबालाल पिंजारी यायचा. अंगणात गादी उसवायची, कापूस उन्हात पसरायचा, पिंजणीच्या तातीवर तो पिंजायचा — तुण् तुण्, तुण् तुण् — आणि दबलेला, काळवंडलेला कापूस असा फुलून वर यायचा की वाटावं आत्ताच बोंडातून निघाला! तोच कापूस, नवी खोळ, नवी गादी. आक्का उंबऱ्यात बसून गुणगुणायच्या. पेटीवाले, सूर द्या —

बोंड फुटलं फुटलं, रानी चांदणं सांडलं
माझ्या लेकराच्या खाली, मीच आभाळ मांडलं

आभाळ मांडलं! ऐकलंत? आणि लेकरानं काय केलं?

लेकरानं दुकानात योजना काढली. 'जुनी द्या, नवी न्या!' कापसाची गादी आणा, फोमवर सूट मिळवा. पण गाव बिचकत होतं. पहिली गादी कोण देणार? रघुनाथराव म्हणाला, "मी देतो!" आणि आईची गादी उचलून दुकानापुढं टाकली. हार घातला. फोटो काढला!

आक्का म्हणाल्या, "अरे रघू, तुला जुनं काही पाहिजे तर लाकडी घडवंची घे, पाट घे. गादी कशाला?"

"आई, लोक बघतात. गावाला फोम विकतो मी, आणि माझी आई पिंजाऱ्याच्या गादीवर? गिऱ्हाईक हसेल मला!"

मग काय, सगळं गाव लोटलं. दुकानामागं कापसाच्या गाद्यांचा हा ढीग! पावसात भिजला, कुजला, शेवटी उकिरड्यात मातीला मिळाला. त्या मातीवर पुढं भोपळा छान आला म्हणतात. कापूसच तो, जाता जातासुद्धा कुणाचं तरी पोट भरून गेला!

आणि आक्कांच्या पलंगावर आली दुकानातली सगळ्यात भारी गादी. जाड, टणटणीत. वर पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर. सुलभावहिनी कव्हर काढायला गेल्या —

"अगं अगं! काढू नकोस! नवी राहते!"

हसताय? हसू नका! घरी जाऊन बघा, सोफ्याचं काढलंय का ते! रिमोटला पिशवी घातलीय ती? आपण सगळे वस्तू नवी ठेवणारे लोक. माणूस जुनं झालं तर झालं!

त्या चैत्रात आक्का न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. अंथरूण धरलं. वर पत्र्याचं छप्पर, बाहेर चैत्राचं ऊन, आणि अंगाखाली प्लास्टिक. घाम यायचा तो कुठं मुरणार? पाठीखाली तळं साचायचं. वर चादर घातली तर ती सरकून गोळा व्हायची, तिच्या वळकट्या बरगड्यांत रुतायच्या. दोन आठवड्यांत माकडहाडाशी कातडी लाल झाली. मग फुटली.

आता तुम्ही म्हणणार, सुनेनंच हाल केले असतील! मला माहीत आहे ना तुमचं. कीर्तनात सून आली की बायका पदर सावरून बसतात! नाही मंडळी. सून बिचारी कूस बदलायची, पावडर लावायची, वारा घालायची. तीच म्हणाली, "अहो, करून टाका ना एक साधी कापसाची गादी. त्यांचा जीव अडकलाय तिच्यात."

"सुलभा, तू माझ्या धंद्यावर बोलू नकोस."

"धंद्यावर नाही, सासूबाईंच्या पाठीवर बोलतेय मी."

डॉक्टर आले. म्हणाले, "अंगाखाली सुती घाला, हवा लागू द्या, कुशी बदला." रघुनाथराव हसला. "डॉक्टरसाहेब, तुम्हीच तर माझ्याकडून दोन फोमच्या नेल्यात!"

डॉक्टर पिशवी उचलून गेले.

शेवटी आक्कांनीच दूधवाल्याबरोबर निरोप धाडला. बाबालाल पिंजारी शेजारच्या वाडीहून आला. खांद्याला पिंजण, सायकलीला कापसाचं गाठोडं. दारात उभं राहून त्यानं सवयीनं तात छेडली — तुण्!

आत आक्कांनी मान उचलली. "सुलभा, आला गं बाबालाल!"

आणि दारात रघुनाथराव. "ए, ए! वाजवू नकोस ते इथं! गादीच्या दुकानासमोर पिंजारी? अब्रू घालवतोस का माझी?"

"मालक, आक्कांनी बोलवलंय. गाठोडं आणलंय बघा. संध्याकाळच्या आत भरून देतो."

"नको म्हणतो ना! जा!"

आत आक्का कान देऊन होत्या. दुसरी तुण् आली नाही.

मंडळी, देवाच्या वाती आक्का पडल्या पडल्याच वळायच्या. उशाशी वातींचा कापूस असायचा, परडीत. एके सकाळी रघुनाथराव पूजेला बसला, बघतो तर निरांजनात वात नाही. "आई, वाती?"

आक्का गप्प.

"परडी रिकामी कशी? काल तर भरून दिली होती!"

आक्कांचे डोळे मिटलेले. पण लेकानं बघितलं — पाठीखालून पांढरं काहीतरी डोकावतंय. हात घातला. ओला, पिवळा पडलेला कापूस! जखमेखाली म्हातारीनं मूठभर कापूस सारला होता. देवाचा!

"आई! देवाचा कापूस उष्टावलास?"

"रघू… जरा थंड वाटलं रे."

"सोवळ्यातला कापूस! अगं, पाप लागेल!"

आणि त्यानं तो ओढून काढला. जखमेला चिकटला होता हो… ओढून काढला! आक्कांनी आई गं म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तुझा देव माझ्यापेक्षा मऊ झोपतो, बाळा. झोपू दे."

सांगा मला, पाप कुणाला लागलं? आईला? का त्या वातीला? का ज्याच्यापुढं ती जळणार होती त्याला? त्या दिवशी त्या घरात नवा कापूस आणून वाती वळल्या, घंटा वाजली, आरती झाली. देव बिचारा दगडाचा, म्हणून गप्प बसला!

सूर धरा —

कापसाच्या कुशीत गं, घाम अंगाचा मुरतो
बिनजिवाच्या शेजेला, जीव जागाच उरतो

वैशाखात आक्कांचं आवरत आलं. श्वास लागला. आपल्याकडं रीत आहे, जाणाऱ्या जिवाला पलंगावर जाऊ देत नाहीत, खाली घेतात. सुलभावहिनींनी भुई पुसली. दोघांनी धरून उचललं. प्लास्टिक पाठीला चिकटलं होतं. सुटताना त्यानं आपला वाटा घेतला. मी पुढं सांगत नाही.

भुईवर टेकवलं. ना गादी, ना चादर. गार फरशी! आणि आक्कांचा चेहरा असा सैल झाला, मंडळी, असा सैल झाला…

म्हणाल्या, "हां. आता बरं वाटतंय."

एवढ्या आजारात सुखाचा शब्द तो एकच! आणि तो कशावर? उघड्या फरशीवर! घटकाभरानं गेल्या.

माणसाबरोबर त्याचं अंथरूणही मसणात टाकतात. नेलं. पेटवायला गेले तर काळा धूर, घाण वास; कुणीतरी घागर ओतून विझवली, लोक खोकत लांब पळाले. तिसऱ्या दिवशी रघुनाथराव अस्थी वेचायला गेला. आई मुठीत मावली. आणि शेजारी गादी! कडेनं जराशी वितळलेली, बाकी जशीच्या तशी! लोकांना तो दुकानात सांगायचा ना, 'आयुष्यभर टिकते'! खोटं नव्हतं. आईच्या आयुष्याहून जास्त टिकली!

दिवस आले. नरहरी गुरुजी म्हणाले, "बाराव्याला शय्यादान करायचं. पलंग, गादी, उशी, चादर. मृताला परलोकी सुखाची झोप लागावी म्हणून."

"गुरुजी, दुकानातली सगळ्यात भारी देतो."

"छे छे! फोम घेत नाही आम्ही दानात. आमच्या घराण्याचा नेम आहे. दान घ्यायचं ते कापसाचंच. मेलेल्याला निजायचंय त्यावर, रघुनाथराव!"

मेलेल्याला! बघा हं. जिवंत होती तेव्हा नेम कुठल्या घराण्याचा होता?

उन्हातान्हात रघुनाथराव वाडीला गेला. बाबालाल दारात पिंजत बसला होता. समोरचं मुंडन केलेलं डोकं बघितलं आणि तातीवरचा हात थांबला.

"आक्का गेल्या."

"हं. गादी पाहिजे. चांगली. घट्ट भरलेली."

"आता? कुणाला?"

"दानाला. म्हणजे… आईलाच. तिला पोचते ती."

बाबालाल खरंच विचारात पडला. टोमणा नव्हता हो तो, म्हाताऱ्याला खरंच कळेना. म्हणाला, "तिकडवर पोचते, मालक? एवढ्या लांब? मग मी तर दारापर्यंत घेऊन आलो होतो. दारापासून पलंगापर्यंत कशी नाही पोचली?"

बाबालालनं मान खाली घातली आणि पिंजायला घेतलं. तुण् तुण्, तुण् तुण्. कापूस उडत होता, मुंडन केलेल्या डोक्यावर बसत होता, आणि रघुनाथराव झटकत नव्हता.

बाराव्याला पलंग मांडला. वर ती गादी, पांढरी, फुगलेली. गुरुजी वर बसले. म्हणाले, "वा! काय भरलीय!" रघुनाथरावाला म्हणाले, "गादीला हात लावा आणि पाणी सोडा."

त्यानं हात लावला. तळवा आत गेला, खोल, उबेत. हातातलं पाणी सांडून गेलं, पण गादीवरचा हात सुटेना. "रघुनाथराव, सोडा आता," गुरुजी म्हणाले, "दान झालं."

"गुरुजी, पोचेल ना हो?"

गुरुजींचं लक्ष उशी चाचपण्यात होतं. म्हणाले, "मंत्र म्हटलेत ना? पोचतं."

जित्या पाठीला मिळेना, मऊ वितीएवढी जागा
मेल्यामागं ओवितो गं, लेक गादीला या धागा

तुम्हाला वाटलं असेल, आता हा दुकान बंद करील, रडेल, सुधारेल. आख्यानात सुधारतात माणसं! पण हे कृष्णाकाठचं गाव आहे. तेराव्याला गोडजेवण झालं, चौदाव्या दिवशी दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक — "म्हातारीसाठी गादी दाखवा, ती पडून असते." रघुनाथरावानं फोमचीच दाखवली. विकली. गिऱ्हाईक पायरी उतरत होतं तेव्हा हाक मारून म्हणाला, "अहो… घरी गेल्यावर वरचं प्लास्टिक तेवढं काढा."

एवढंच! एवढंच शिकायला एक आई लागली, मंडळी!

आणि आपल्याला किती लागतील?

मघाचा प्रश्न घ्या परत. पोचतं का? काका, आता मान हलवू नका. मला उत्तर नकोच आहे. गुरुजी म्हणतात पोचतं, बाबालालला कळत नाही, आणि जिला विचारायचं ती फरशीवर निजून गेली. पण एक ठिकाण असं आहे जिथं नक्की पोचतं, मंत्र लागत नाही, पाणी सोडावं लागत नाही. ते तुमच्या घरातल्या आतल्या खोलीत आहे. बुक्का घ्या, प्रसाद घ्या, आणि घरी गेल्यावर चप्पल काढून आधी त्या खोलीत जा. ती म्हणेल, "काय रे, आज कशी वाट चुकलास?" बोलू दे. बोलणी खा. तिच्या पाठीखाली तळहात घाला. कोरडं लागलं तर बाहेर येऊन खुशाल रामकृष्णहरी म्हणा.

ओलं लागलं, तर देवाचं नाव घेऊ नका. कापूस आणा.