ते खेळणं, हत्यार नव्हे

जन्म माझा इथलाच, तंजावरचा. आप्पांचं सुतारकाम, त्यांच्या आप्पांचंही तेच, घरात मुलगा नाही, मी एकटी लेक, म्हणून रंधा माझ्या हातात आला. आला म्हणजे काय, कोणी दिला नाही, मी घेतला, असंच लिहा तुम्मी. काय सांगू तुम्हाला, आप्पांचा सांधा म्हणजे लाकडात लाकूड आणि वर पाचर, खिळा दिसला की जेवण सोडायचे. पुढं त्यांचे हात थरथरायला लागले, आणि गिऱ्हाईकं म्हणायची, पोरगी काय पटाशी मारणार.

तेव्हाच बघा, अस्कं, म्हणजे सगळंच, नवीन यायला लागलं बाजारात, आणि तिरुच्चीच्या दुकानात मला ते लोखंडी जोड दिसले. एका फळीत बोल्ट, दुसरीत गोल चकती, वाकडी चावी घालून अर्धा फेरा दिला की फळ्या घट्ट, उलटा दिला की सुट्ट्या. मी सांगट्लं, आप्पा, ह्याच्यात कोलूच्या पायऱ्या करते. नवरात्रात बाहुल्या मांडतो ना अम्मी तंजावरकर, त्या पायऱ्या, वर्षभर घर अडवतात, बदलीवाल्यांनी त्या कुठं न्यायच्या? आप्पा म्हणाले, लाकूड जोडतेस की डबा उघडतेस? ते खेळणं, हत्यार नव्हे. तरी मी त्या केल्या, विकल्याही. मग नवरात्रातल्या आयुधपूजेला, म्हणजे हत्यारांच्या पूजेला, आप्पांनी पटाशी, रंधा, करवत, अस्क्यांना गंध लावलं, माझी चावी उचलून खिडकीत ठेवली. रडले मी, रागानं रडले.

आणि त्याच दुपारी बँकेतल्या मामींचा निरोप, मामी म्हणजे माझं पहिलं गिऱ्हाईक, पायऱ्या हालतायत म्हणून. त्यांनी स्वतःच जोडल्या होत्या, खालच्या चकत्या पुऱ्या फिरवल्याच नव्हत्या, आणि वर बाहुल्या मांडून झाल्या, मध्ये कलश. मांडलेला कोलू दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही, पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, आणि संध्याकाळी अस्क्या बायका बघायला येणार. कलश पडला असता तर माझं काम तिथंच संपलं, परत कोणी मला फळी दिली नसती. आप्पा दारात उभे, आज हत्यार उचलायचं नाही. मी सांगट्लं, तुम्मीच म्हणालात ना हत्यार नव्हे? मग खेळायला जाते. खिडकीतली चावी घेतली आणि गेले. मामींनी कलश धरला, मी पायरीखाली आडवी शिरले, एकेक चकती आवळली, एक बाहुली हालली नाही.

वर्षभर त्या जोडांबद्दल आप्पांचा चकार शब्द नाही. पुढच्या आयुधपूजेला बघते तर पटाशीच्या शेजारी माझी चावी, गंध लावलेली, वर फूल. मी आत जाऊन कॉफी केली.

अत्ता आप्पा नाहीत, गंध मीच लावते. हत्यार झालं म्हटल्यावर त्या दिवशी हात लावायचा नाही, मान्य. पण कुणाच्या घरी पायरी हालली तर? म्हणून दुसरी चावी कमरेला खोचलेली असते, बिनगंधाची. कोणी काही म्हणो. देवी तुमचं भलं करो, पण पायऱ्या आधी नीट आवळा.