मामांनी पारखलेली डिझेलची मोटार

या भज्यांच्या वासावरून आठवलं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझ्या घोटीच्या मामांना भात वाहायला मोटार हवी होती, आणि नाशकात शरीफभाई आपली जुनी डिझेलची मोटार विकत होते. मामांनी जन्मभर बैल पारखलेले. त्यांनी इंजिनावर हात ठेवून ते गार आहे, आधीच तापवून ठेवलेलं नाही, याची खात्री केली, खाली वाकून कुठं तेल गळतंय का पाहिलं आणि म्हणाले, "उभं जनावर चांगलंच दिसतं. चालवून दाखवा."

चालवली, तर घोटीच्या वाटेवर वाडीवऱ्ह्याला बंद पडली. टाकी कोरडी, आणि त्या गावात डिझेल कुठलं मिळायला?

मामा मला म्हणाले, "चल, सौदा मोडला."

शरीफभाई समोरच्या तेल्याकडे गेले आणि शेंगदाण्याच्या तेलाचा डबा घेऊन आले.

"अहो, हे खायचं तेल हाय," मामा म्हणाले.

"हिला चालतं, मामा."

त्यांनी तेल टाकीत ओतलं, नळ्यांतली हवा काढली आणि स्टार्टर मारला. मोटार थोडी खोकली आणि चक्क चालू झाली. मागून धुराबरोबर भजी तळल्याचा घमघमाट सुटला. तेल्याच्या घाण्याचा बैलसुद्धा फिरायचा थांबला.

मामांनी टोपी काढली आणि थरथरत्या बॉनेटवर हात ठेवला.

"भाई," ते हळूच म्हणाले, "पुढ्यात येईल ते खाऊन ओझं ओढणारं जनावर परत बाजारात न्यायचं नसतं. हिला आता घोटीलाच घ्या."