सोप्या इंग्रजीचा वर्ग

बाबा : मान सरळ ठेव, फ्रेम घसरतेय. हं, आता चौथी ओळ वाच.

टकळी : चौथी ओळ आहे तरी का तिथे?

बाबा : टकळे, थट्टा नको. दुकानात गर्दी व्हायच्या आत तुझं डोकं का दुखतं ते बघू दे.

टकळी : सांगितलं ना, इंग्रजीनं दुखतं. शाळा सुरू झाल्यापासून रोज. बाई फळाभर लिहितात, मग त्यावर प्रश्न, मग त्या प्रश्नांवर आणखी प्रश्न. हा म्हणे सोपा वर्ग! सोप्यात ही गत, तर अवघड वर्गातल्या पोरांचं काय होत असेल रे? बिचारी.

बाबा : मी म्हणत होतो, अवघडच घे. तू आठवडाभर माझं डोकं खाल्लंस आणि सोप्या वर्गासाठी सही घेऊन गेलीस. आता भोगा. वाच ओळ.

टकळी : टी... मग काहीतरी गोल. ए, हा तक्ता वेगळा आहे!

बाबा : नवा आणलाय. जुना पार पिवळा पडला होता.

टकळी : जुनाच लाव ना. तो मला येतो.

बाबा : येतो म्हणजे?

टकळी : पाठ आहे. एबीसीडी तूच शिकवलीस त्याच्यावरून, मला काउंटरवर बसवून. म्हणून दाखवू? वरून खाली, खालून वर?

बाबा : थांब, थांब. म्हणजे दर वर्षी मी तुझे डोळे तपासायचो, तेव्हा तू...

टकळी : म्हणायचे. धडाधड. तू किती खूश व्हायचास!

बाबा : घ्या! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्या जगाला चष्मे लावत सुटलोय आणि घरच्या पोरीला... शेवटच्या बाकावरून फळा दिसतो तुला?

टकळी : शेजारी एक चष्मेवाली बसते. ती फळ्यावरचं लिहिते, मी तिच्या वहीतलं लिहिते.

बाबा : कमाल आहे. बरं, ही काच बरी वाटते? का ही?

टकळी : दुसरी. अय्या! बाबा, तुझ्या कानांवर केवढे केस आहेत!

बाबा : गिऱ्हाइकानं दुकानदाराचे कान बघायचे नसतात. समोर बघ.

(दाराची घंटी वाजते. टकळीच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई आत येतात.)

बाई : येऊ का? माझा चष्मा तयार झाला असेल ना?

बाबा : या बाई, या. झालाय. बसा, एवढं गिऱ्हाईक आटपतो.

बाई : मला या गिऱ्हाइकाबद्दलच बोलायचंय. हिचं नाव ज्या वर्गात आहे, तिथल्या सरांनी आज कळवलंय. शाळा उघडल्यापासून ही त्यांच्या तासाला एकदाही फिरकलेली नाही.

बाबा : काय? टकळे! दांड्या मारतेस? आणि वर घरी येऊन डोकं दुखतं म्हणून सांगतेस?

टकळी : शप्पथ नाही, बाबा! बाई, तुम्हीच सांगा ना. मी रोज तुमच्या तासाला असते की नाही?

बाई : असतेस. एक दिवस चुकवला नाहीस. पण माझा वर्ग कुठला, ते ठाऊक आहे?

टकळी : सोपा. जिना चढलं की लगेचचा.

बाई : जिना चढलं की दोन दारं आहेत. डावीकडे सोपा वर्ग, उजवीकडे अवघड. तू रोज उजवीकडे वळतेस. अगं, दारावर एवढी मोठी पाटी आहे!

टकळी : दारावर पाटी आहे?

बाबा : बाई, तिला दिसतच नाही. मलाही आत्ताच कळलं. चष्मेवाल्याची मुलगी ना!

टकळी : म्हणजे... इतके दिवस मी अवघड वर्गात बसलेय? आणि मला कोणी काही बोललं नाही?

बाई : मला दुसऱ्याच दिवशी दिसलं, माझ्याकडे तुझं नाव नाही. म्हटलं, वर्ग बदलून घेतला असेल, मागाहून कळवतील. आणि खरं सांगू? तू त्या नावाड्यावरून भांडायला लागलीस आणि विचारायचं राहूनच गेलं.

बाबा : कोण नावाडी?

टकळी : धड्यातला. पूर आलेला असतो आणि तो व्यापाऱ्याला होडीत घेतच नाही. सगळा वर्ग म्हणतो, नावाडी दुष्ट. मी म्हटलं, होडी आधीच भरलेली होती. एकाला घेऊन सगळ्यांना बुडवायचं का?

बाई : मधली सुट्टी झाली तरी कोणी जागचं उठेना.

बाबा : आमच्या घरी जेवताना हेच चालतं. हिच्या आईनं नाव काय उगाच ठेवलंय?

टकळी : पण बाई, निबंधाला मला दहातले सहाच मिळाले. मला वाटलं, सोप्या वर्गात सहा म्हणजे मी ढच.

बाई : त्या निबंधाला वर्गात सगळ्यांत जास्त साडेसहा आहेत.

टकळी : हो?

बाबा : हो?

बाई : आता एक करायचं. उद्या सकाळी ऑफिसात सांगावं लागेल. तुझं नाव माझ्याकडे आणायचं, का तुला सरांकडे पाठवायचं?

टकळी : सरांकडे.

बाबा : आं?

टकळी : आता मला कळलं ना, अवघड आहे म्हणून! माहीत नव्हतं तोवर बडबडत होते. आता माझं तोंडच उघडणार नाही.

बाबा : तुझं? तोंड?

टकळी : हसू नकोस. गेल्या वर्षी, जुन्या शाळेत, मला फळ्यावरचा उतारा मोठ्यानं वाचायला लावला होता. मी ओळीच्या ओळी गाळल्या, भलतंच काहीतरी वाचलं. अख्खा वर्ग हसला. तेव्हाच ठरवलं, इंग्रजी आपल्याला झेपायचं नाही. हुशार पोरांत जाऊन पुन्हा हसं करून घ्यायचं नाहीये मला.

बाबा : फळ्यावरचा उतारा?

टकळी : हो.

बाबा : बाळा, तो तुला दिसतच नव्हता गं.

टकळी : ...म्हणजे मी त्या दिवशी उगाचच रडले?

बाबा : रडलीस? मला नाही बोललीस ते.

टकळी : बोलले असते तर तू इंग्रजीची शिकवणी लावली असतीस.

बाबा : लावली असती. चष्मा सोडून सगळं लावलं असतं. फार वाईट वाटतंय मला, टकळे.

टकळी : पुरे हं. बाईंच्या समोर डोळे पुसू नकोस. त्यापेक्षा सांग, मी कुठे जाऊ?

बाबा : नाही सांगणार.

टकळी : एरवी तर सांगतच असतोस!

बाबा : सांगून बघितलं की मागे. या खुर्चीत बसलेल्याला मी कधीच सांगत नाही, कुठली काच चांगली ते. मी नुसत्या बदलून दाखवतो. बघायचं त्याला असतं.

टकळी : बाई, मग तुम्ही?

बाई : मी काय, माझ्याच वर्गाची जाहिरात करणार. पण खोटं नाही बोलणार. पुढे याहून अवघड आहे. सहाचे चारही होतील. सरांकडे गेलीस तर नऊ मिळतील, आणि ते शिकवतातही छान. तिकडे जाण्यात कमीपणा काही नाही.

टकळी : आणि नावाड्याचं काय?

बाई : उद्या वर्गात त्याच्यावर खटला चालवायचाय. सगळे त्याच्या विरुद्ध आहेत. त्याच्या बाजूनं कोणी मिळालं तर बघू.

टकळी : मिळालं तर? म्हणजे त्याच्या बाजूनं कोणीच नाही? ती चष्मेवाली तर दोन मिनिटांत फासावर चढवेल त्याला! आणि होडीत किती माणसं होती, ते कोणी मोजलंय का? धड्यात दिलंय, पण वाचतं कोण नीट?

बाबा : मी काही बोललेलो नाही.

टकळी : मग गालातल्या गालात हसतोस कशाला? सगळं दिसतंय मला आता. आणि... बाई, तुम्हीही हसताय!

बाई : अगं, मी वर्गातही हसत असते.

टकळी : खरंच? मला वाटायचं, मी बोलायला लागले की तुम्ही रागावून बघता.

बाई : रागावून? तू हात वर केलास की मला हसू आवरत नाही.

बाबा : चला, काढ ती फ्रेम. काचा घासून बसवायला वेळ लागतो. उद्या संध्याकाळी मिळेल तुझा चष्मा.

टकळी : संध्याकाळी नाही चालणार. खटला सकाळी आहे.

बाबा : म्हणजे ठरलं?

टकळी : तू काचा घासायला घे, बाबा. हसले तर हसू देत. कोण हसतंय, ते तरी दिसेल मला.