रद्दीच्या पट्ट्यावर साखरशेतचे दावे

मी, जगन जिवा भोये, वय ३४ वर्षे, धंदा शेती व कागद कारखान्यात मजुरी, रा. साखरशेत, ता. जव्हार, जि. पालघर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

भात-नाचणी झोडून झाली की मी दरवर्षी कारखान्यावर येतो. रद्दीच्या गठ्ठ्यांची तार तोडून रद्दी पट्ट्यावर टाकणे हे माझे काम. पट्टा ती पाण्याच्या मोठ्या टाकीत नेतो. तिथे पाती फिरून थोड्याच वेळात लगदा होतो. पिना, प्लॅस्टिक गाळून लगदा जाळीवर पसरतात, पाणी निथळते, मग रुळांत दाबून, गरम पिंपांवर वाळवून कोरा कागद गुंडाळतात. टाकीत गेलेल्या कागदावरचे एक अक्षरही परत मिळत नाही.

दि. १२/०२/२०२५ रोजी सकाळी १०.४० वाजता मला पट्ट्यावरील कागदांवर काळेकुट्ट अंगठे दिसले. ते मी लगेच ओळखले. सन २०१७ मध्ये ग्रामसभेत शाईचा पॅड सुकला होता, म्हणून राहीकाकीने तव्याखालची काजळी तेलात कालवून दिली आणि ३८ जणांनी आपापल्या वनहक्क दाव्यावर अंगठा उमटवला. सरकारला अस्सलच द्यायचे, असे समजून आम्ही झेरॉक्ससुद्धा ठेवली नाही. तेव्हापासून वरच्या कार्यालयात "विचाराधीन आहे" एवढेच ऐकतो आहोत.

मी लाल बटण दाबून पट्टा थांबवला. ११ दावे हाती लागले. २७ टाकीत गेले होते. सुपरवायझर कमलेश म्हणाले, "माल कंपनीचा आहे, टाक परत." मी म्हणालो, "माल नाय हा, आमची जमीन हाय." कागद सदऱ्यात घालून मी फाटकाबाहेर आलो. त्यावरून माझ्यावर चोरीची तक्रार आहे.

राहीकाकीने फोनवर विचारले, "माझा कागूद हाय का रं त्यात?" नव्हता. माझ्या वडिलांचाही नव्हता. ते तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा अंगठा मी आता कुठून आणू? ज्याने हे दावे रद्दीत घातले त्याला कोणी ठाण्यात बोलावलेले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. मला याचा संताप आला आहे, तोही लिहून घ्यावा.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. जप्तीच्या कागदावर "रद्दी, अंदाजे पाव किलो" असे लिहिले होते. ते खोडून "वनहक्क दावे, नग अकरा" असे लिहिल्यावरच मी खाली सही करीत आहे.