येळवशीच्या दिवशी काउंटरवर

हॅलो? … हॅलो, कोण? … अहो, नंबर तुमचाच दिसायलाय, आवाज कुठंय? … शेतात रेंज नसती, माहीत आहे की. बांधावर या. … हरभऱ्यातून नका येऊ, पायवाटेनं या! … हां. आता बोला.

टोपी? … लाल पिशवीत. … मग खालच्या कप्प्यात बघा. … अहो राजशेखरराव, पोराचे बाप तुम्ही. तुम्ही औशाच्या शेतात, मी इथं लातुरात दवाखान्याच्या काउंटरवर, अन् टोपी कुठंय ते मी सांगू? … सापडली? कुठं होती? … त्याच्या डोक्यावरच होती?

धन्य आहे.

मी? मी काय करायलेय म्हंजे? बसलेय. पेशंटची नावं नोंदवायला बसलेय, अन् नोंदवायला माणूस नाही. सकाळपासून एक बाई आली, ती पण पत्ता विचारायला. … कोण येणार? येळवशीला आजारी पडायला कुणाला वेळ आहे? आख्खं लातूर शेतात जेवायला गेलंय. चहाचं हॉटेल बंद, रिक्षा बंद, शाळा बंद. वर वॉर्डात दिलशाद सिस्टर आहे, तिचे दोन पेशंट आहेत, अन् खाली मी. बास.

सुट्टीचं नाव काढू नका. … नका म्हणते ना! पुन्हा डोकं तापतंय माझं. कुलथे सरांच्या केबिनीत काल उभं राहून सांगितलं, सर, माझ्या लेकराची पहिली येळवस आहे. तर म्हणतात, "येळवस? हा काय सण असतो का? अमावस्येची कुणी सुट्टी मागतं का?" … नवीन आहेत, बाहेरचे आहेत, म्हणून काय झालं? मी नाही बाहेरची? हिमायतनगरची मी. लग्न होईपर्यंत मला तरी कुठं ठाऊक होतं, की या दिवशी शेंगा-पालेभाज्यांची भज्जी अन् आंबील घेऊन सगळ्यांनी शेतात जायचं, कडब्याची कोपी उभारून तिच्यापुढं पूजा करायची, अन् जो दिसेल त्याला पंगतीला ओढायचं? पहिल्या वर्षी मी आंबिलीचं मडकं पाडलं डोक्यावरचं. … हसू नका. पाडलं, पण शिकले ना?

बरं ते जाऊ द्या. माझा बसू काय करायलाय? … का रडायलाय? … कधीपासून? … मग फोन आत्ता लावायलाव? टोपीचं काय घेऊन बसलाव तुम्ही! … बाटली दिली? … तोंड फिरवतो. फिरवणारच. पहाटे अंगावर पाजून दिलं ते शेवटचं, आता भूक नाही का लागणार? … नाही, बिस्कीट नका देऊ. … नाही, उसाचा रस पण नाही! नऊ महिन्यांचं लेकरू आहे ते!

काय म्हणतात अत्याबाई? … थांबा. थांबा. आंबिलीचं बोट? … नाही. अजिबात नाही. फोन द्या तुमच्या आईंकडं. … मग तुम्ही सांगा त्यांना. म्हणावं, सगळं ऐकते तुमचं. भज्जीत मेथी घालू नको म्हणलाव, नाही घातली. लेकराला आदल्या दिवशीच शेतावर न्यायचं म्हणलाव, नेऊ दिलं नाही, एवढंच. पण रात्री दोन वेळा उठून त्या आंबिलीचं ताक मी बघितलंय, ज्वारीचं पीठ मी ढवळलंय. लेकराच्या जिभेवर पहिलं बोट माझं लागणार. मी आल्यावर. … संध्याकाळी तर संध्याकाळी! आंबील पळून जात नाही.

रडू नाही लागले. सर्दी आहे.

आता कोण ओरडायलंय मागं? … पाहुणे? कोण पाहुणे? … मामांनी रस्त्यावरून आणलं? तुमचे वडील पण ना! गाडी आडवी घालून आणलं असेल. … हॉटेल शोधत होता, सगळी बंद, बिचारा उपाशी… हां, मग बरं केलं मामांनी. वाढलं का त्याला? बाजरीचे उंडे वाढा, भज्जी वाढा. … तिसऱ्यांदा घेतली? वा. माझ्या हातची आहे म्हणावं. … कुठला आहे? … सोलापूरला मीटिंगला चाललाय.

सोलापूरला?

… अहो, कसा दिसतो? … टक्कल. आणखी? … गळ्यात निळ्या दोरीचं कार्ड. पांढरी गाडी. ड्रायव्हर वेगळा. … जरा जवळ जाऊन कार्डावर काय लिहिलंय ते बघा. … बघा तर!

… कुलथे.

उठवा त्याला! उठवा त्या माणसाला माझ्या पंगतीतून! हा काय सण असतो का म्हणे, अन् तिसऱ्यांदा भज्जी! लेकराची आई इथं रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार करत बसलीय अन् हा तिथं मांडी घालून… काय? … मामा काय म्हणतील ते कळतंय मला. … कळतंय हो. आज कुणाला पानावरून उठवत नसतात. … बरं. नका उठवू. वाढा. चौथ्यांदा वाढा.

अन् ऐका. बसूला उचला, अन् त्यांच्या मांडीवर द्या. … रडायलाय म्हणूनच. … अन् फोन पण द्या.

… हॅलो? नमस्कार सर. … रेणुका बोलतेय. काउंटरवरून. … हो सर, तुमच्याच काउंटरवरून. … हो, तुमच्या मांडीवर आहे ते माझंच बाळ. … नाही सर, मामांना माहीत नव्हतं तुम्ही कोण. माहीत असतं तरी वाढलंच असतं. … आवडली? मीच केलीय सर. पहाटे चारला उठून. मग आठ वाजता ड्युटीवर.

पेशंट? एकही नाही, सर.

… हां, ऐकू येतंय मला. लई जोरात रडतो तो. मान धरा सर, मागं झोकून देतो. … टोपी नका काढू. … भूक लागलीय त्याला. … बाटली घेत नाही सर. … अंगावर पितो.

…हो. …

सर, काल सांगितलं होतं. केबिनमध्ये, तुमच्यासमोर उभं राहून. तुम्ही म्हणालात, वैयक्तिक अडचण असेल तर लिहून द्या. आता तुमच्या कानाशी जे चाललंय ना सर, तेच लिहायचं होतं. कसं लिहू?

… नाही, ओरडत नाहीये मी. आवाजच तसा आहे माझा.

निघू? … काउंटरचं दिलशाद सिस्टर बघेल म्हणते, सकाळपासून तीच मागं लागलीय जा जा म्हणून. … पण येऊ कशी? एक रिक्षा नाही रस्त्याला. … तुमची गाडी? … अन् तुमची मीटिंग? … बरं सर. पाठवा. … थांबा, ड्रायव्हर जेवला का? … बसला नाही अजून? मग त्याला आधी बसवा. … हो सर, मला घाई आहे. माझा जीव इथं तळमळायलाय. पण आज आमच्या शेतातून कुणी उपाशी जात नसतं. … हां, तसं करा. भाकरीत भज्जी गुंडाळून हातात द्या, वाटेत खाईल. अन् दिलशादचा एक डबा अत्याबाईंकडून भरून ठेवायला सांगा.

आता फोन जरा बसूच्या कानाला लावा. … लावला?

बसू… ए बसोबा… माझ्या राजा… आई निघाली रे. गाडी यायलीय तिची. एवढं नको रडू, नरडं सुकंल सोन्या. कुणाच्या मांडीवर बसलास रे? हां? घाबरायचं नाही त्यांना. मी नाही घाबरले बघ… थोडीच घाबरले… गप झाला? … गप झाला का माझा वाघ?

… सर? तुमच्याच कानाला होता होय फोन?

… असू द्या. ऐकलंत ते बरं झालं. पण मग गप कसा झाला तो? … बोट चोखायलाय? कुणाचं? … तुमचं? … सर, त्या हातानं तुम्ही आंबील…

धुतला होता? नक्की? … साबणानं? … अत्याबाईंना विचारा, त्यांनी बघितलं का. … मोठ्यानं विचारा, मला ऐकू येऊ द्या. … हां. आला आवाज.

मग काढा सर ते बोट, अन् पातेल्यापासून लांब घेऊन बसा त्याला. मी येईपर्यंत कुणी आंबिलीचा थेंब लावायचा नाही त्याला. तुम्ही राखण करा. … हो सर, ड्युटीच समजा. … ठेवते.