वारंगा फाट्यावरील श्रद्धांजलीच्या बॅनरबाबत

नाव मुंजाजी नामाजी पोले, वय ४६ वर्षे, व्यवसाय मेंढपाळ व शेती, राहणार वारंगा फाट्याजवळील वाडी, ता. कळमनुरी, जि. हिंगोली.

मी आज स्वतः पोलीस ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी रूपाबाई व बहीण भागाबाई यांच्यासह राहतो. माझी मुलगी राधिका, वय १७, ही एका संस्थेच्या विद्यार्थी देवाणघेवाण योजनेत निवड होऊन वर्षभरासाठी स्पेन देशात शिकायला गेली आहे. तिथे ती पिलार नावाच्या बाईंच्या घरी राहते. आमच्या वाडीतून तिच्याआधी कोणी हैदराबादच्या पुढे गेलेले नव्हते.

सुरुवातीला मुलीला तिकडे फार जड गेले. तिकडे दुपारचे जेवण तीनला आणि रात्रीचे दहाला असते. ही दिवेलागणीला जेवणारी पोरगी. भूक लागली म्हणायची लाज वाटून उपाशीच झोपायची. भेटल्यावर गालाला गाल लावतात, तेही तिला जमत नव्हते. शाळेत सगळे हसले की ही पण हसायची आणि घरी येऊन रडायची. फोनवर माझ्याशी कमी, माझे वडील नामाजी यांच्याशी जास्त बोलायची. त्यांना ती आबा म्हणते. "आबा, मला घेऊन जा," एवढेच तिचे चालायचे.

आबांनी तिला विचारले, "तिकडं मेंढरं हायत का, बघ बरं." तिने शोधली. गावाबाहेर एकाचा कळप निघाला. तेव्हापासून दर रविवारी ती फोनवरून आबांना मेंढरे दाखवू लागली. आबा म्हणायचे, "ही मेंढरं हायत का म्हशी? लई पोसून ठेवलीत." मुलगी हसायची. हळूहळू तिचे रडणे थांबले व ती पोटभर जेवू लागली.

दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी मेंढरे सोडताना आबा मेंढरे कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी बसले, ते उठले नाहीत. मेंढरे त्यांच्या अंगावरून गेली नाहीत, बाजूने निघून गेली. मी पोहोचलो तेव्हा जीव गेलेला होता.

मुलीला कळवायचे नाही असे भागाबाईने ठरवले आणि मी मान डोलावली. मुलगी आता कुठे रुळली होती, आणि मधेच परत आली तर संस्था पुन्हा घेत नाही. सरणापाशी मी सगळ्यांना हात जोडले की कोणी मोबाइलवर काही टाकू नका. सगळ्या वाडीने ते पाळले. लहान लेकरांनीही पाळले. फोनवर मुलीने आबांविषयी विचारले की मी सांगायचो, मेंढरांमागे गेलेत. ती आबांसाठी मेंढरांचे व्हिडिओ पाठवायची. ते मी एकटा बघत होतो.

माझ्या चुलत भावाचा मुलगा शिवहार याने तेराव्याला वारंगा फाट्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लावला. मी तोवर घराबाहेर पडलो नव्हतो, त्यामुळे मला माहीत नव्हते. त्यात शोकाकुल म्हणून आमचे सर्वांचे फोटो होते आणि शेवटी माझ्या मुलीचा फोटो टाकून खाली "कु. राधिका (स्पेन)" असे लिहिले होते. मी जाब विचारला असता शिवहार म्हणाला, "काका, मोबाइलवर टाकू नका म्हणले होते, ते म्या टाकलं न्हाई. आपल्या घरची पोरगी स्पेनला हाय, हे लोकायला नको का कळाया?"

बॅनरवर मुलीचा फोटो बघून तिची वाडीबाहेरची मैत्रीण सीमा हिने बॅनरचा फोटो काढून कौतुकाने तिला पाठवला.

त्या रविवारी मुलीचा फोन आला. "आबा कुठं हायत?" मी म्हणालो, "मेंढरांमागं गेलेत." "कवा येतील?" मी म्हणालो, "सांजच्याला." ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. पाठोपाठ बॅनरचा फोटो आला. सोबत एक अक्षर नव्हते.

तेव्हापासून ती आमचा कोणाचाही फोन उचलत नाही. पिलारबाई मोबाइलवरून मराठी करून कळवतात की मुलगी जेवते, शाळेत जाते, बोलत नाही, संध्याकाळी मेंढ्यांजवळ जाऊन उभी राहते. माझा जीव थाऱ्यावर नाही. तिथे जाणे माझ्या हातात नाही आणि इथून काही करता येत नाही, म्हणून शिवहारवर कारवाई व्हावी यासाठी मी आलो.

जमादार प्रेमदास म्हणाले, "गुन्हा कोणता लावू भाऊ? आजोबाला श्रद्धांजली वाहली म्हणून?"  मग त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून मुलीला फोन लावला. अनोळखी नंबर असल्याने तिने उचलला.

मी म्हणालो, "राधे, मी हाय." ती मग म्हणाली, "आता तरी तुमच्या तोंडानं सांगा." मी पुष्कळ प्रयत्न केला. मला सांगता आले नाही. ती थांबून राहिली होती, तरी सांगता आले नाही. तेव्हा जमादारांनी फोन स्पीकर लावून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बेटा, तुह्या बापानं समदं लिहून देलंय. वाचून दाखवतो, आयक."

माझी शिवहारविरुद्ध काही तक्रार राहिलेली नाही.

वरील जबाब जमादारांनी मोठ्याने वाचला. तो मी ऐकला व फोनवर माझ्या मुलीने ऐकला. मी सांगितल्याप्रमाणे तो बरोबर आहे. मुलीला काही म्हणायचे आहे का असे विचारले असता ती म्हणाली, "आबा बसले, तेवढं पुन्यांदा वाचा." म्हणून जमादार ते पुन्हा वाचत आहेत.